इनासकाकांच्या होडीतला रविवार

आम्ही चौघं एकाच कंपनीत पंप बनवायचो. म्हणजे बनवणारे वेगळे, आम्ही आपापल्या जागी उभे असायचो. भाईंदर ईस्टच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इतकी वर्षं काढली, पण आज भेटलो की पंपाचा एक किस्सा कुणाला आठवत नाही. निघतो तो एकच रविवार. किस्से माळ्यावरच्या पिशव्यांसारखे असतात. एक ओढायला जावं तर वरच्या चार अंगावर येतात. त्या रविवारी काही फार घडलं असं माझं अजूनही मत नाही. पण दर भेटीला एखादी पिशवी नव्याने पडतेच!

साल दोन हजार चार असेल, किंवा पाच. मी स्टोअरला होतो. सुर्वे क्वालिटी कंट्रोलला, मूळचा रत्नागिरीचा. कांबळे ड्रॉइंग काढायचा, तो लातूरचा. दोघंही माझ्यासारखे भाईंदरमध्येच गोडदेवला राहायचे. चौथा विल्सन, मशीन शॉपमधला, उत्तनजवळच्या समुद्रकाठच्या चौक गावचा.

एकदा डबा खाताना विल्सन म्हणाला, "रविवारी बाबांची होडी काढतोय. शिडाची. सकाळी चौकहून निघायचं, अरनाळ्यापर्यंत जायचं, संध्याकाळी परत. तुम्ही तिघं या."

सुर्वे म्हणाला, "आम्ही येऊन काय करायचं? जाळी ओढायची?"

"छे! जाळी कुठली. नुसतं बसायचं."

"मग आम्ही कशाला?"

विल्सनने भाकरीचा तुकडा मोडला. "होडीत वजन लागतं," म्हणाला.

*

कांबळेला पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. कांबळेने केला. शनिवारी तो गोडदेव नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब मागायला गेला. मी बरोबर होतो.

पंक्चरवाल्याने विचारलं, "क्या करोगे?"

"समुंदर में जा रहे हैं. कोई गिर गया तो पकड़ने के लिए."

"कितने आदमी हैं?"

"पाँच."

पंक्चरवाल्याने आतून एक ट्यूब आणली, हवा भरली, दाबून बघितली. कांबळेने ड्रॉइंग तपासावं तशी ती सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली आणि विचारलं, "इसमें पंक्चर तो नहीं है ना?"

तो म्हणाला, "अभी कैसे बताऊँ? पानी में डालोगे तो पता चल जाएगा."

*

सकाळी सहाला चौकच्या किनाऱ्यावर पोचलो. विल्सनचे वडील, इनासकाका, आमच्याआधी होडीत बसून होते. सत्तरीचे, अंगाने काटक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट आणि डोक्यावर लोकरीची टोपी. आम्ही नमस्कार केला. त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही. विचारलं ते वजन.

"किती किलो?"

मी बासष्ट सांगितलं. कांबळे म्हणाला अठ्ठावन्न. सुर्वेने थोडा वेळ घेतला आणि अडुसष्ट सांगितलं.

काकांनी मनात काहीतरी जुळवलं. सुर्वेला पुढे बसवलं, मला आणि कांबळेला मध्ये, विल्सन शिडाशी. स्वतः मागे सुकाणू धरून. सुर्वे पुढे जाऊन बसला आणि होडीचं तोंड खाली गेलं. मागे काका वीतभर वर उचलले गेले.

"कोन खोटा बोलला?" काकांनी विचारलं.

शेवटी सुर्वे म्हणाला, "काका, अडुसष्ट लग्नाच्या वेळी होतं."

त्याला मध्ये आणून बसवलं. त्यानंतर दिवसभर काकांनी त्याला नावाने हाक मारली नाही. "ए अडुसष्ट, इकडं सरक. ए अडुसष्ट, खाली वाक." पुढच्या सोमवारी हे कंपनीत कसं पोचलं ते मला माहीत नाही. सुर्वेचा माझ्यावर संशय आहे.

*

थंडीचे दिवस होते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला तिकडे मतलई म्हणतात. विल्सनने शीड वर ओढलं, ते एकदा फडफडलं आणि मग पोट भरल्यासारखं फुगून गप्प बसलं. होडी निघाली. इंजिन नाही, आवाज नाही. फक्त बाजूने पाणी कापत गेल्याचा आवाज. कुणी काही बोलायचं सुचेना, म्हणून सुर्वे बोलायला लागला.

"आपल्याला समुद्राचं काही नवीन नाही. माझे आजोबा गलबतावर होते. रत्नागिरीहून थेट मंगलोरपर्यंत जायचे. आमच्या रक्तातच आहे ते."

वसईच्या खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या यायला लागल्या. होडी वर-खाली, आणि थोडी वाकडीही व्हायला लागली. सुर्वेचं मंगलोर मागे पडलं. मग त्याने बोलणं थांबवलं. मग तो वाऱ्याच्या उलट्या बाजूला वाकला आणि सकाळी खाल्लेले दोन्ही वडापाव समुद्राला दिले.

काका ऐकत होते. तो जरा सरळ बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुजा आजा गलबतावर काय करायचा?"

सुर्वे तोंड पुसत म्हणाला, "जेवण बनवायचा."

"बरा," काका म्हणाले. "आज्याने लोकांना जेवान दिला. नातू परत करते."

*

वसईचा किल्ला मागे टाकल्यावर सुर्वेचा मोबाईल वाजला. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं समुद्रात रेंज नसते. फोन आमच्या मॅनेजरसाहेबांचा होता. ते मीरा रोडला राहायचे आणि रविवारी त्यांना हमखास कामं आठवायची.

सुर्वेची तब्येत अजून ठीक नव्हती. त्याने कानाला फोन लावला. साहेब इतक्या जोरात बोलत होते की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सुर्वे, कुठे आहेस?"

"सर, पाण्यात."

"काय?"

"पाण्यात आहे सर! सगळीकडे पाणीच पाणी आहे!"

मग साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या गोडदेवला आलं? नशीबवान आहेस बाबा. आमच्याकडे तीन दिवस थेंब नाही. बरं, तू भरून घे आधी. मी नंतर करतो."

आणि त्यांनी फोन ठेवला. मीरा-भाईंदरमध्ये पाण्याच्या वर काही काम नसतं, साहेबांनासुद्धा.

*

दहाच्या सुमाराला वारा अगदी एकसारखा लागला. काकांनी कांबळेला मागे बोलावलं आणि सुकाणूचा दांडा त्याच्या हातात दिला. स्वतः शेजारीच बसले, एक हात दांड्याजवळ ठेवून.

कांबळे सुकाणू असं धरून बसला जसं लहान बाळ पहिल्यांदा कुणी हातात द्यावं. होडी मात्र सरळ चालली. आमच्यात सरळ रेघ काढता येणारा तो एकटाच होता.

"कुठला तू?" काकांनी विचारलं.

"लातूरचा."

"तिकडं समुदर हाय?"

"काका, तिकडे प्यायला पाणी नाही."

काकांनी दांड्याजवळचा हात काढून मांडीवर ठेवला. मग विल्सनला म्हणाले, "म्हनून सांबालून चालवते."

*

पुढचा किस्सा कांबळे स्वतः कधी सांगत नाही. मलाच सांगावा लागतो.

सकाळपासून काका कांबळेशी गप्पा मारत होते. निदान आम्हाला त्या गप्पा वाटत होत्या. "बाबू, किल्ला कसा दिसते आज?" "बाबू, पुढं बावटे हायेत का? काले की लाल?" मच्छीमारांनी जाळी बांधायला समुद्रात खुंट ठोकलेले असतात, त्यांच्यावर ते बावटे असतात. कांबळे ड्रॉइंगवाला. त्याला विचारलं की तो नीटच सांगायचा. "काका, समोर तीन बावटे. दोन लाल, एक काळा. काळा आपल्या डाव्या हाताला, साधारण दोनशे फुटांवर." काका मान हलवायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला पोरगं आवडलंय, बोलतं ठेवतोय.

अरनाळ्याचं बेट नजरेच्या टप्प्यात आलं, तिथे थांबून आम्ही जेवलो. विल्सनच्या आईने फुगे, म्हणजे मैद्याचे गोल तळलेले पाव, दिले होते आणि सुक्या बोंबलाची चटणी. परतीला समुद्राकडून वारा सुटला, ऊन चढलं, आणि पोट भरलेला कांबळे बसल्या बसल्या झोपला.

होडी चालत होती. काका सुकाणूवर, चेहरा अगदी शांत, समोर बघतायत. मीही सहज समोर बघितलं. पन्नास फुटांवर एक जाडजूड खुंट, आणि आम्ही बरोबर त्याच्यावर!

मी ओरडलो. विल्सन उडी मारून मागे गेला आणि त्याने दांडा ढकलला. खुंट होडीला घासून गेला. त्याच्यावरचे शिंपले मोजता आले असते.

काका नाराज झाले. विल्सनवर नाही, माझ्यावरही नाही. ते कांबळेला म्हणाले, "बाबू, का गप झाला?"

तेव्हा विल्सनने आम्हाला सांगितलं. त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. "बाबांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेड कळतो, बाकी नाही. मंगळवारी ऑपरेशन आहे."

सुर्वे पांढरा पडला. "आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर आला असतास?"

मी काकांना विचारलं, "मग दोन दिवस थांबायचं ना काका. ऑपरेशन झालं की नीट बघून आलो असतो."

काका म्हणाले, "डॉक्टर बोलतं, सगला साफ दिसंल. मंग काय दिसंल? किनाऱ्यावरच्या त्या बिल्डिंगा. आता मी बगते तो किनारा माजा हाय."

कांबळे त्यानंतर झोपला नाही. चौकपर्यंत बोलत राहिला. कुणी विचारत नसलं तरी.

*

चारच्या सुमाराला वारा पडला. एकदम नाही. आधी शिडाला सुरकुत्या आल्या, मग ते खाली लोंबलं. वसईच्या खाडीसमोर होतो आणि ओहोटी लागली होती. खाडीचं सगळं पाणी बाहेर निघालं होतं आणि आम्हाला बरोबर घेऊन चाललं होतं.

विल्सनने नांगर टाकला. तो खाली लागला, पण धरला नाही, घसरत राहिला. मग वल्ही काढली. एका बाजूला विल्सन, दुसऱ्या बाजूला मी आणि सुर्वे आळीपाळीने. जन्मात वल्हं धरलं नव्हतं. पाच मिनिटांत तळहात सोलले. सुर्वेने एक वल्हं पाण्याऐवजी माझ्या गुडघ्यावर मारलं. तरी थांबलो नाही. अर्धा तास झाला असेल. घामाने शर्ट चिकटला होता.

काकांनी विचारलं, "बाबू, किल्ला कुठं हाय?"

कांबळेने नीट बघितलं. "मघाशी होता तिथेच आहे काका. पण लहान झालाय."

*

आता शेवटचा. हा सांगायचा की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही.

किल्ला लहान होत होता. सूर्य खाली आला होता. सुर्वेने ट्यूब स्वतःच्या मांडीवर घेतली होती आणि कुणी त्याला हसत नव्हतं. तेवढ्यात लांबून इंजिनचा आवाज आला. बुडबुड करत एक मासेमारीची बोट आमच्याकडे वळली. आम्ही शर्ट काढून हलवायला लागलो.

काकांनी नुसता कान दिला आणि म्हणाले, "हात खाली करा."

बोट पास्कूची होती. पास्कू म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ. विल्सनने खालच्या आवाजात, घाईघाईत सांगितलं ते एवढंच: दोघांची एकच होडी होती, पास्कूला तिला इंजिन बसवायचं होतं, काकांनी बसवू दिलं नाही. पास्कू वेगळा झाला, त्याने इंजिनवाली बोट घेतली. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एक. चर्चमध्ये एक डाव्या बाजूला बसतो, एक उजव्या.

बोट वीस हातांवर येऊन थांबली. पास्कू पुढे आला. ठेंगणा, पोट सुटलेला, चेहरा मात्र काकांचाच. त्याने काकांकडे बघितलं नाही.

"विल्सन, तुज्या बापाला इचार, काय झाला?"

काका पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "विल्सन, त्याला सांग, काय न्हाय झाला. वारा थांबलाय."

"इचार त्याला, किती वेल बसनार?"

"सांग त्याला, वाऱ्याला इचार."

सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. सुरुवातीला विल्सनने खरंच एकाचं दुसऱ्याला सांगितलं. मग तो नुसता मान वळवायला लागला. मग तेही सोडलं.

पास्कूने दोर उचलला. निळा नायलॉनचा, नवा कोरा. "विल्सन, दोर टाकतो, धर."

"धरायचा न्हाय," काका म्हणाले.

विल्सनचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. आम्ही बाहेर वाहत होतो. पास्कूची बोटही आमच्याबरोबर वाहत होती. पास्कू जात नव्हता आणि काका दोर घेत नव्हते. सुर्वे रडकुंडीला आला. "काका, घ्या हो! बायकोला मी भाजी घेऊन येतो सांगितलंय!"



मग कांबळे म्हणाला, अगदी ऑफिसात विचारावं तसं, "काका, आम्ही पाहुणे आहोत ना?"

"हाय."

"मग आम्ही घेतला तर?"

काकांनी विचार केला. टोपी काढली, परत घातली. "पावन्यांना न्हाय कसा बोलू?"

दोर आला. कांबळेने तो धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी झेललं असेल. विल्सनने पुढे गाठ मारली आणि बोट आम्हाला ओढायला लागली.

पास्कू पुढून ओरडला, "विल्सन, शीड उतरव! ओढायला जड जाते!"

"सांग त्याला, शीड ऱ्हाईल," काका म्हणाले.

इंजिनचा आवाज तेवढा वाढला.

पाऊण तास असे गेलो. दोर ताठ, शीड लोंबतंय. कांबळे एकटा काकांना हळूहळू सांगत होता, किल्ला मोठा झाला, किल्ला मागे गेला, आता चौकचा डोंगर दिसतोय. डोंगराच्या टोकापलीकडे गाव होतं. विल्सनच्या आईने एव्हाना अर्धं गाव किनाऱ्यावर गोळा केलं असणार, असं विल्सन म्हणाला. काकांनी ऐकलं. सुकाणूवरचा त्यांचा हात एकदा घट्ट झाला.

टोक यायच्या आधी, गाव दिसायच्या आधी, पुढचं इंजिन बंद झालं.

आम्हाला वाटलं बिघडलं. पास्कू चालत बोटीच्या मागच्या टोकाला आला. वाकला. आपल्या बाजूची गाठ सोडली आणि दोराचं टोक पाण्यात टाकून दिलं. पुन्हा इंजिन सुरू केलं, बोट वळवली आणि समुद्राच्या बाजूने लांबून निघून गेला.

डोंगराच्या कडेने थोडा वारा येत होता. शीड हललं. मग अर्धं भरलं. विल्सनने पुन्हा काढलेली वल्ही आत घेतली. होडी अगदी सावकाश, चालत यावं तशी, टोकाला वळसा घालून गावासमोर आली. किनाऱ्यावर खरंच गर्दी होती. कुणीतरी म्हातारी ओरडली, "आला गो! इनास शिडावर आला!" पोरं पाण्यात धावली. काका ताठ बसले होते, समोर तोंड करून.

आम्हाला घरी नेलं. हातपाय धुतले, चहा आला. काका ओट्यावर बसले. निळा दोर त्यांनी होडीतून स्वतः आणला होता आणि मांडीवर घेऊन, हातांनी चाचपत, एकसारखी वेटोळी करत होते. त्यातून पाणी गळून पॅन्ट भिजत होती.

मधल्या भिंतीपलीकडे, शेजारच्या ओट्यावर पास्कू आला, चपला काढल्याचा आवाज झाला.

विल्सन उठला. "बाबा, द्या तो दोर. देऊन येतो."

"बस खाली."

"नवीन आहे तो. सकाळी लागेल त्याला." काका वेटोळी घालत राहिले.

"मग मी सांगून येतो," विल्सन म्हणाला, "इथे आहे म्हणून."

"तू काय बी सांगू नको."

काकांनी शेवटचं वेटोळं नीट बसवलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "पास्कू! तुजा दोर इथं हाय!"

ओट्यावर आम्ही पाच-सहा माणसं होतो. चहाचा कपसुद्धा कुणी खाली ठेवला नाही.

मग पलीकडून आवाज आला. "वला हाय का सुका?"

काकांनी दोरावरून हात फिरवला.

"वला हाय," ते म्हणाले. आणि मग विल्सनला, हळू आवाजात, "आतून खुर्ची आन एक."